मृगाआधी आमची जीप

मागच्या वेळी आम्ही हिरड्याबद्दल बोललो होतो. निघताना रेडिओच्या ताईंनी विचारलं, पुढच्या वेळी काय सांगाल? आम्ही म्हटलं, जीपबद्दल. ताई हसल्या. त्यांना वाटलं, जीप घ्यायला कर्ज कसं काढलं ते सांगणार. ते नाही. जीप डोंगरातल्या वाटेसाठी कशी तयार करायची, ते आज सांगायचं आहे. आम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि न शिकण्याची किंमत एका रात्री आमच्या डोळ्यांसमोर आली होती.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या. कळसूबाई एकीकडं, हरिश्चंद्रगड दुसरीकडं, मधल्या डोंगरात आमची वाडी. डांबरी रस्ता वाडीच्या सात किलोमीटर अलीकडंच संपतो. पुढं थोडा मुरूम, मग एक ओढा, मग खडकाची चढण, तिला आम्ही दांड म्हणतो, मग दुसरा ओढा आणि शेवटी लाल मातीची घसरण. उन्हाळ्यात कुणाचीही गाडी येते. आषाढ-श्रावणात बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो.

१०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ साली सुरू झाली. फोन केला की येते, आमच्याकडंही येते. पण ती डांबरावर थांबते. तिची चूक नाही, ती गाडी अशा वाटेसाठी बनवलेलीच नाही. तेवढे सात किलोमीटर आपले आपल्यालाच बघायचे. म्हणून गटानं चार पैसे साठवून, थोडं कर्ज काढून एका दिवाळीत जुनी फोर-व्हील जीप घेतली. फोर-व्हील म्हणजे चारही चाकं ओढतात अशी. साध्या जीपला ओढणारी चाकं दोनच, मागची. आमच्यातल्या एकीचा दीर गाडी चालवायचा. उन्हाळाभर लग्नं झाली, बाजार झाला, जीप मस्त चालली.

मग श्रावण आला. आमच्यातल्या एकीच्या सुनेला रात्री दहाच्या पुढं कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून वेळ होता. तिला मागच्या बाकावर निजवलं, चार जणी सोबत बसल्या, टपावर कुणीतरी तांदळाची दोन पोती आधीच बांधून ठेवली होती, ती तशीच राहिली. लाल मातीची घसरण उतरलो, दुसरा ओढा पार झाला आणि दांडाच्या अलीकडच्या चिखलात जीप बसली. दिरानं फोर-व्हीलची लिव्हर ओढली, ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगर फिरून खोल खोल जायला लागली. आमच्यातली एक बॅटरी घेऊन खाली उतरली होती. ती ओरडली, "अरे, पुढची चाकं हलतच नाहीत!"

चिखल अंगावर घेत आम्ही ढकललं, दगड टाकले, काही झालं नाही. शेवटी गोधडीची झोळी करून बांबूला बांधली आणि उरलेलं साडेतीन किलोमीटर पावसात तिला खांद्यावरून नेलं. १०८ खाली उभी होती. बाळ-बाळंतीण दोघी वाचल्या. ती नात आता अंगणात कोंबड्यांमागं पळते. पण नशिबानं वाचल्या, आमच्या जीपनं काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्यानं पुढच्या चाकाच्या मध्यावरची एक गोल चकती दाखवली. म्हणाला, हे लॉक. गाडीत बसून लिव्हर ओढली की पुढच्या धुऱ्यापर्यंत ताकद येते, पण हे लॉक हातानं फिरवलं नाही तर ती चाकापर्यंत पोचत नाही. दोन्ही चाकांचं फिरवायला लागतं. आमचं एका बाजूचं लॉक तर गंजून बसलं होतं. म्हणजे दिवाळीपासून आम्ही जिला फोर-व्हील म्हणत होतो ती दोनच चाकांची गाडी होती. सगळ्या जीपना हे लॉक नसतं. नव्या गाड्यांत बटण दाबलं की काम होतं. पण जुनी घेतली असेल तर आधी चाकाच्या मध्यावर बघा.

तेव्हापासून आम्ही ठरवलं की गाडी चालवणारा एक असला तरी गाडी कळायला सगळ्यांना पाहिजे. पहिली परीक्षा हीच घेतो. मृगाच्या आधी, पहिला वळीव पडून शेत ओलं झालं की जीप ढेकळात नेतो, लॉक लावतो, लिव्हर ओढतो. दोघी लांब उभ्या राहून पुढच्या चाकांकडं बघतात. चाकं स्वतः माती मागं फेकत असतील तर ओढतायत. नुसती लोळण घेत असतील तर काहीतरी बिघाड आहे. ही परीक्षा डांबरावर घेऊ नका. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर चालावं लागतं. मातीत चाक थोडं घसरून ते भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरत नाही, मग आतल्या दात्यांवर ताण येतो आणि मोडतोड होते. म्हणून डांबराला लागलो की आमच्याकडं कुणीतरी ओरडतंच, "फोर-व्हील काढलं का?"

आता एक गंमत सांगतो. आम्हाला वाटायचं, चार चाकं ओढायला लागली म्हणजे गाडी कुठूनही निघेल. तर तसंही नाही. मळणीचं खळं आठवा. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळतो आणि कडेच्या बैलाला धावावं लागतं. गाडी वळताना तिच्या डाव्या-उजव्या चाकांचंही तेच होतं. ते जमावं म्हणून धुऱ्याच्या मधोमध जो गोळा दिसतो, त्यात दात्यांची एक रचना असते. तिला डिफ्रन्शियल म्हणतात. ती चांगली सोय आहे, पण तिची एक खोड आहे. ज्या चाकाला जमीन धरायला नाही तेच ती फिरवत बसते. एक चाक हवेत लटकलं की त्या धुऱ्याचं दुसरं चाक गप्प. पुढचं एक आणि मागचं एक, तिरक्या कोपऱ्यांतली दोन चाकं उचलली गेली की फोर-व्हील असूनही जीप जागेवर. मग काय करायचं? ॲक्सिलरेटर सोडायचा. उतरायचं, लटकलेल्या चाकाखाली दगड भरायचे, फांद्या टाकायच्या. आमच्या दिराला हे पटायला एक अख्खा पावसाळा लागला. पुरुषांना चाक गरगर फिरवल्याशिवाय प्रयत्न केल्यासारखं वाटत नाही. जितकं फिरवाल तितका खड्डा.

त्या जोडलिव्हरला 'लो' पण असतं. लो म्हणजे ताकद जास्त, वेग कमी. ते लावताना आमच्या जीपमध्ये गाडी पूर्ण उभी करावी लागते. म्हणून चढण सुरू झाल्यावर नाही, चढणीच्या आधी सपाटीला थांबून लावायचं. उतारालाही तेच. लो आणि पहिला गिअर, क्लचवरचा पाय काढायचा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. घसरणीवर ब्रेक दाबून धरला की चाकं अडकतात आणि जीप साबणाच्या वडीसारखी सुटते. आणखी एक, स्टिअरिंग धरताना अंगठे आत घालू नका, कडेवर ठेवा. चाक दगडाला आपटलं की जुन्या जीपचं स्टिअरिंग झटक्यात उलटं फिरतं. आमच्यातली एक गाडी शिकताना महिनाभर अंगठ्याला हळद लावून हिंडत होती.

टायरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथंच फसतात. दांड चढायला खोल खाचांचे टायर लागतात. कायद्यानं जीपच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचेत मधे मधे रबराची छोटी उंचवटी असते, टायर झिजून तिच्या पातळीला आला की तो बदलायचा. पण हा हिशेब डांबराचा. चिखलात तेवढी खाच म्हणजे गुळगुळीतच. खाच चिखलानं भरली आणि चाक फिरताना तो चिखल बाहेर फेकला गेला नाही, तर टायर म्हणजे नुसतं भांडं. आम्ही निम्मी खाच झिजली की तो टायर बाजाराच्या गाडीला देतो.

पहिल्या वर्षी आम्ही चार नवे टायर घेतले. दुकानदारानं कागद गुंडाळलेले, चकचकीत काढून दिले. पावसाळ्याच्या आतच एकाच्या बाजूला भेगा दिसल्या. मग कळलं की टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमचे 'नवे' टायर सात वर्षं गोदामात पडून होते. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. आता टायर घ्यायला गेलो की आधी खाली बसून आकडे वाचतो. दुकानदार आमच्याकडं बघतच राहतो. बघू दे. तांदूळ घेताना मूठभर हातात घेऊन बघतोच ना आपण.

मग हवा. आमच्या जीपला रस्त्यावर ३० पौंड हवा लागते. तुमच्या गाडीचा आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. दगड-चिखलाची वाट सुरू झाली की आम्ही ती २० पर्यंत उतरवतो. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, जास्त जागा धरतो आणि दगडावर उड्या न मारता त्याला कवटाळून जातो. पोटात बाळ असलेल्या बाईला त्या उड्या कमी होणं किती मोठं आहे, ते सांगायला नको. पण यातही अति नको. आमच्या टायरला आत ट्यूब आहे. हवा फार उतरवली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूबही ओढली जाते आणि तिचं नळकांडं उपटून येतं. म्हणून १८ च्या खाली आम्ही जात नाही. मागं माणसं जास्त असली तर मागच्या चाकांत थोडी जास्त ठेवतो. हवा उतरवलेली असताना गाडी पळवायची नाही आणि डांबराला लागलो की परत भरायची. म्हणजे पंप हवाच. पायाचा पंप स्वस्त, पण चार चाकं भरेपर्यंत पोटऱ्या भरून येतात. दुसऱ्या वर्षी आम्ही बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला. हवा मोजायची कांडी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. टायरला लाथ मारून हवा सांगणारे पुष्कळ भेटतात.

आता जीपच्या पोटाखाली जाऊ. वैशाखात एक दिवस ताडपत्री अंथरून आम्ही आळीपाळीनं खाली झोपतो. आधी आदल्या दिवशी खालचा वाळलेला चिखल धुऊन काढतो, नाहीतर गळती कुठं आहे ते दिसत नाही. पाटे बघायचे, एखादं पान तुटलं आहे का. पाटे धुऱ्याला धरून ठेवणारे यू-बोल्ट ढिले झालेत का. स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं हातानं हलवून बघायची. फिरणाऱ्या लांब दांड्याच्या क्रॉसला ग्रीस आहे का. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखालची पत्र्याची ढाल जागेवर आहे का. एक दगड लागून चेंबर फुटलं की सगळं तेल वाटेवर आणि जीप तिथंच.

नट ढिला झाला हे डोळ्यांना कळत नाही, पाना लावावा लागतो. पण दर आठवड्याला कोण पाना लावणार? यावर आमच्या धाकट्या जावेनं तोड काढली. मेकॅनिकनं सगळे नट पक्के आवळले की ती लाल नखपॉलिशची बाटली घेऊन खाली शिरली आणि प्रत्येक नटावरून शेजारच्या लोखंडावर एक सरळ रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. मेकॅनिक म्हणाला, आम्हीपण रंगानं अशीच खूण करतो. पण नखपॉलिश लवकर वाळते आणि राजूरच्या बाजारात कुठंही मिळते. आता आमच्या जीपच्या पोटाखाली सगळी नटव्यांची जत्रा आहे.

ओढ्याची गोष्ट सगळ्यात धोक्याची. आमचा एकच नियम आहे. ज्या पाण्यातून आपण चालत जाऊ शकत नाही त्यात जीप घालायची नाही. मग आत कुणीही असो. जीप जड दिसते, पण दोन फूट वेगाचं पाणी तिला उचलून वाहून नेऊ शकतं. आमच्याकडं एक बांबू आहे, त्याला चाकाच्या मध्याच्या उंचीवर लाल चिंधी बांधलेली आहे. कमरेला दोर बांधून एक जण पुढं जाते, बांबूनं खोली आणि तळ बघते. चिंधी बुडाली की थांबायचं. पाणी जोरात असेल तर चिंधीच्या पुष्कळ खालीच थांबायचं. पाऊस थांबला की डोंगरातला ओढा ओसरतो. दीड-दोन तास वाट बघणं कठीण वाटतं, पण ओढ्यातून परत येणारं कुणी नसतं.

पाण्यात शिरायच्या आधी जीपच्या तोंडावर, जाळीवर, आम्ही ताडपत्रीचा तुकडा बांधतो. त्यानं पाण्याची लाट थेट इंजिनावर येत नाही. पंख्यानं पाणी उडून सगळं ओलं होत नाही आणि पंख्याची पातीही वाचतात. बाहेर आलो की लगेच सोडतो, नाहीतर इंजिन तापतं. पाण्यात लो गिअर, एकाच चालीनं, मधे गिअर बदलायचा नाही. आणि हे लक्षात ठेवा, पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चालू करायचं नाही. इंजिन हवा ओढतं. हवेऐवजी पाणी आत गेलं असेल तर, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आतले दांडे वाकतात आणि इंजिन संपतं. अशा वेळी जीप ओढूनच काढायची. इंजिन हवा कुठून घेतं, ते तोंड किती उंचीवर आहे, हे प्रत्येकीनं एकदा बॉनेट उघडून बघून ठेवा. आमचं आम्ही बोट लावून बघितलं आहे.

धुऱ्याचीही एक भानगड आहे. चालून चालून धुरा तापतो. तापलेला तांब्या पाण्यात पालथा घातला की गार होताना पाणी आत ओढतो, तसंच धुरा थंड ओढ्यात बुडाला की होतं. त्याला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते, ब्रीदर म्हणतात. ती चिखलानं बुजली तर धुरा तेलाच्या बुचाकडून, सीलकडून पाणी ओढतो. आतलं तेल मग दुधाच्या चहासारखं दिसतं. तसं दिसलं की तेल बदलायचंच, नाहीतर दाते जातात. आम्ही ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड वर, बॉनेटच्या आत बांधून घेतलं. हे काम अगदी थोड्या पैशांचं आहे. ओढा पार झाला की ब्रेक ओले असतात, चार-पाच वेळा हळू दाबून वाळवायचे, मगच उताराला लागायचं.

जीप अडकली तर काढायचं सामान. इथं आमची दुसरी चूक सांगायला पाहिजे. पहिल्या वर्षी अडकलेली जीप ट्रॅक्टरनं ओढायची म्हणून आम्ही दोर बंपरला बांधला. ट्रॅक्टरवाल्यानं झटका दिला. बंपर निघाला आणि दोरासकट असा उडाला की एकीच्या पदराला चाटून बाभळीत जाऊन अडकला. वीतभर इकडं असता तर आज आम्ही हसत सांगत नसतो. बंपर हा शोभेचा पत्रा आहे. ओढायचे हूक चेसिसला, म्हणजे गाडीच्या मुख्य सांगाड्याला, नटानं घट्ट बसवलेले असतात. आमचे गंजले होते, ते बदलून घेतले. आता दोर तिथंच बांधतो, साखळी वापरत नाही. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाकतो, तुटला तर त्याचा फटका खाली दाबला जातो. दोराच्या लांबीच्या दीडपट लांब सगळ्यांनी उभं राहायचं, पोरांना तर घरीच पाठवायचं. आणि ट्रॅक्टर हळूहळू ताण देत चालवायचा, झटका नाही.

बाकीचं सामान घरचंच आहे. फावडं, घमेलं, पहार, कोयता. दीड फूट लांब-रुंद जाड फळी, कारण चिखलात जॅक लावला की जॅकच जमिनीत जातो, गाडी वर येत नाही. दोन लाकडी ओंडके, चाकाला अडवायला. चाकाखाली घालायला चार जुनी गोणपाटं. फाटलेल्या साडीचे पट्टे, कारण दरवेळी काहीतरी बांधायचं असतंच. स्टेपनीत हवा आहे का ते बघायचं. आमची एकदा रिकामी निघाली होती.

वजनाचं मात्र विसरू नका. त्या रात्री टपावरची तांदळाची पोती आठवतात का? वजन जितकं वर, तितकी जीप आडव्या उतारावर कलंडायला तयार. आता टप रिकामा. जड सामान खाली, मधोमध, बांधलेलं. नाहीतर फावड्याचा दांडा डोक्यात बसतो. आणि दांडावर आजारी माणूस सोडून बाकी सगळ्यांनी उतरून चालायचं. याला आमच्यातल्या एका मावशींचा फार विरोध होता. म्हणाल्या, गाडी केली ती चालण्यासाठी का? आता त्याच पुढं चालत दगड दाखवतात, "डावीकडं घे, अजून डावीकडं." वाट दाखवणारी एकच असावी, पाच जणी ओरडल्या की चालवणारा गोंधळतो.

हे ऐकून कुणाच्या भावाला वाटेल की जीप उंच करून घ्यावी, मोठाले टायर, टपावर दिव्यांची माळ. आम्हालाही एका गॅरेजवाल्यानं हेच सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं दिलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमावाला तेवढंच बोट ठेवतो. शिवाय उंच जीप लवकर कलंडते. तो सगळा पैसा आम्ही टायर, ग्रीस आणि दोराला घातला. दुसरी कायद्याची गोष्ट म्हणजे खासगी पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं न्यायची तर परवाना वेगळा लागतो. आम्ही भाडं घेत नाही. गटाच्या वर्गणीतून डिझेल घालतो. बाजाराच्या दिवसाची जी गाडी आहे ती परवान्याची, ती वेगळी.

तरीही रात्रीची जीप हा शेवटचा उपाय आहे. आशाताई आता आठव्या महिन्यापासूनच विचारायला लागतात, पावसाळ्यात दिवस भरतायत का? भरत असतील तर आधीच खाली नातेवाइकांकडं जायचं. काही आदिवासी भागांत आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं, तिथं गरोदर बाईला आधी येऊन राहता येतं. तुमच्याकडं आहे का विचारा. आणि जीप काढायच्या आधी १०८ ला फोन करायचा, ती डांबरावर येऊन थांबेल अशा हिशेबानं. वर वाडीत फोनला रेंज एका जांभळाखालीच मिळते, म्हणून पावसाळ्यात तिथंच एक जुनी खुर्ची ठेवलेली असते.

गेल्या आषाढात परत तशी रात्र आली. या वेळी साप चावला होता, एका म्हाताऱ्या आजोबांना. वेळ मोजायला आम्ही कुणी घड्याळ बघितलं नाही. लॉक फिरवले, हवा उतरवली, टप रिकामा होता. पहिल्या पाण्याला बांबू घातला तर चिंधी बरीच वर राहिली. दांडावर तिघी उतरल्या, मावशी पुढं. एकदा मागचं चाक लटकलं, दिरानं न सांगता ॲक्सिलरेटर सोडला, आम्ही दगड भरले. खाली पोचलो तेव्हा १०८ नुकतीच वळून उभी राहत होती. आजोबा चार दिवसांनी घरी आले आणि म्हणाले, तुमच्या जीपमधे धक्के फार बसतात.

आता जीप देवळामागच्या शेडमध्ये उभी आहे. चावी खिळ्याला, चावीशेजारी वही. कुणी काय तपासलं, कधी तपासलं, ते तीत लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही त्या चाकाचं चित्र काढून अंगठा उठवतात. परवा वहीत कुणीतरी लिहिलंय, पुढचं डावं लॉक फिरवायला जड जातंय. उद्या सकाळी ते उघडून ग्रीस भरायचं आहे. कुणाला बघायला यायचं असेल तर या, जुनं पातळ नेसून या.